बेडरूममधल्या पादुका

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या बेडरूममध्ये वीस-बावीस माणसं जमायची. ठाण्यात, खोपटच्या जुन्या बिल्डिंगमधली दहा बाय दहाची खोली. सगळे भिंतीकडे तोंड करून, हात जोडून बसलेले, आणि मधोमध पलंगावर मी, तोंडाला पदर लावून खोकत. माझ्याकडे कोणी बघायचं नाही. दर्शन भिंतीचं होतं.

भिंतीवर दोन काळे डाग होते, शेजारी शेजारी, लांबट. त्यात पादुका पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्या ह्यांना, हरिहररावांना. चौतीस वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस! मग त्यांनी टेंभी नाक्यावरून उत्तमबुवांना आणलं. बुवांनी डागांना कपाळ टेकवलं आणि गहिवरून म्हणाले, "माउली, भाग्य थोर तुमचं. गुरू स्वतः चालत आलेत. भिंतीला छिन्नी लावाल तर पायावर घाव बसेल."

चालत कशाला येतील? वरच्या मजल्यावरच्या सर्वेशच्या बाथरूममधून गळत आलेले. दोन वर्षं आम्ही त्याच्या मागे लागलेलो, बाबा रे, फरशी उखड, पाइप बदल. तेव्हा पहिला साष्टांग नमस्कार सर्वेशनेच घातला, यात नवल ते काय!

माझा खोकला मात्र त्याआधीचा. जिना चढताना दम लागायचा, पुढे बसल्या जागी लागायला लागला. वजन अकरा किलो उतरलं. छातीच्या डॉक्टर हेमांगी यांनी सगळ्या तपासण्या करून स्वच्छ सांगितलेलं, "फुप्फुसाला सूज आहे, ती घरातल्या बुरशीमुळे. भिंत कोरडी करा, तोवर त्या खोलीत झोपू नका. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. फुप्फुस कडक होत गेलं तर ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही." ह्यांनी मान डोलावली. घरी येऊन म्हणाले, "पादुकांना बुरशी म्हणतात! काय हे आजकालचे डॉक्टर."

खरं सांगते, मला काही वाटतच नव्हतं. राग नाही, भीती नाही. श्वास आत घ्यायचा, बाहेर सोडायचा, एवढंच काम उरलेलं. मुलगा केदार वडिलांसमोर तोंड उघडत नाही. सून क्षिप्रा उघडायची, तर हे म्हणायचे, "तू लहान आहेस."

बुवांचे नियम असे: पादुकांवर रोज दोन वेळा दूध-मधाचं पाणी शिंपडायचं. खिडकी बंद, पंखा बंद, नाहीतर तेज उडून जाईल. आठवडाभरात डाग काळेकुट्ट व्हायचे. "गुरू कष्टी आहेत," बुवा मान हलवायचे. मग इतका धूप घालायचे की शेजारचा माणूस दिसू नये, आणि आपल्या बाटलीतलं गंगाजल भिंतीवर शिंपडायचे. दहा मिनिटांत डाग फिके!

"उजळल्या! पादुका उजळल्या!" बायका डोळे पुसायच्या. पुढचे दोन दिवस मला पलंगावरून उठता यायचं नाही. "बाधा बाहेर पडतेय, माउली," बुवा सांगायचे. "पडू द्या."

असे सहा महिने गेले. मग बुवांनी फर्मावलं, बालकाला पादुकांपाशी निजवा, बुद्धी तल्लख होते. आमची नात संचिता सहा वर्षांची. तिची गादी माझ्या शेजारी आली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती उठून बसली आणि खोकली. कोरडा, खोल खोकला. मला म्हणाली, "आजी, मलापण तुझ्यासारखं येतं आता." खूश होती पोर.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं.

त्या गुरुवारी मी संक्रांतीची काळी सुती साडी नेसले. शेजारची सगुणा कुजबुजली, "काकू, गुरुवारी काळी?" मी म्हटलं, "असू दे गं." बुवांनी शिंपडलं तशी मी उठले आणि पदराने भिंत पुसली.

"माउली, हे काय करताय!"

"तीर्थ घेतेय, बुवा."

पदर मांडीवर पसरून बसले. चार-पाच मिनिटांत काळ्यावर तांबूस-केशरी डाग उठले आणि पसरत गेले.

"अगंबाई! पदर भगवा झाला!" सगुणा ओरडली. "काकू, केवढं तुमचं भाग्य!"

"भाग्य कसलं डोंबलाचं! ब्लीच आहे ते," मी म्हटलं. "वागळे इस्टेटला कापड धुलाईच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलीत मी. काळ्या सुतावर ब्लीच पडलं की असाच रंग येतो. क्षिप्रा, बाथरूम घासायची बाटली आण. आणि ती खिडकी उघडा आधी."

भिंतीवरच्या डागाचा बुवांचं पाणी न लागलेला एक कोपरा काळाच होता. क्षिप्राने तिथे आपल्या बाटलीतल्या ब्लीचचा बोळा फिरवला. सगळे बघत राहिले. तोही उजळला, मंत्राबिंत्राशिवाय.

"माउली, श्रद्धेची अशी परीक्षा..." बुवांनी सुरुवात केली.

"बाटली ठेवून जा," केदार म्हणाला. वडिलांसमोर बोलला! बुवा बाटली न ठेवताच गेले. सर्वेशही सटकत होता, त्याला केदारने दंडाला धरलं. "तू थांब. उद्या फरशी फोडायची."

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ब्लीचने नुसता रंग जातो, प्लास्टरच्या आतली बुरशी जिवंत राहते, आणि त्याच्या वाफेनेच मी दोन-दोन दिवस पडून राहायची. वरून पाणी गळतं, खिडकी बंद म्हणून ओल वाळत नाही, आणि दूध-मध हा तिचा खुराक. ह्यांनी आपल्या हाताने तो रोज घातला.

सगळे गेल्यावर हे पलंगाच्या कडेला बसले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच गुरुवारी. धुपातूनही ब्लीचचा वास आलेला."

"मग बोलली का नाहीस गं?"

मी संचिताची गादी ओढत त्या खोलीबाहेर नेली.

पाइप बदलला, भिंत खरवडून कोरडी केली. संचिताचा खोकला महिन्याभरात गेला. माझी फुप्फुसं खालून कडक झालीत, ती तशीच राहणार.

म्हणून सांगते. भिंत काळी पडली तर आधी वर कोणाचं पाणी गळतंय ते बघा. खिडकी उघडा. खोकला जात नसेल तर डॉक्टरांना भिंतीबद्दलही सांगा. आणि लबाडी ओळखलीत तर त्याच दिवशी बोला, दुसऱ्याने बोलायची वाट बघू नका. त्या खोलीत बुवांनी वीस-बावीस माणसांना फसवलं. मला त्यांनी एक दिवसही फसवलं नव्हतं.