कोलोनची फेरी

उत्कर्षला शिक्षा झाली होती चौदा महिन्यांची. बायकोचा, वल्लरीचा, हात त्याने पिरगाळून मोडला होता. पहिलाच गुन्हा म्हणून न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न धाडता तीन वर्षं देखरेखीखाली बाहेर ठेवलं. अटी तीन: दर पंधरवड्याला बेवेरुंग्सहिल्फंच्या, म्हणजे कोर्टाच्या देखरेख विभागाच्या, ऑफिसात हजेरी, रागावर ताबा मिळवण्याचा कोर्स आणि वल्लरी व मुलगी ओवी यांच्याशी कसलाही संपर्क नाही. वल्लरी ओवीला घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली होती, पत्ता त्याला कळू न देता.

देखरेख अधिकारी निघाली क्षितिजा, जर्मनीतच वाढलेली मराठी बाई. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मराठीत बोला, हरकत नाही. पण मी कोर्टाची माणूस आहे, हे विसरू नका."

"हो, हो, ताई," उत्कर्ष म्हणाला.

तो विसरला. नेकारसुल्ममधली इंजिनिअरची नोकरी गेली होती, गोदामात खोकी उचलत होता. आठवड्यात मराठीत बोलायला दुसरं कोणी नव्हतं. हजेरी मात्र त्याने एकदाही चुकवली नाही, कोर्सही नाही. सात महिन्यांनी क्षितिजाला वाटू लागलं, हा माणूस यातून बाहेर पडेल.

मार्चमध्ये तो आला तो हसतच.

"ताई, शनिवारी कोलोनला जाऊन आलो."

तिचं पेन थांबलं. "कशाला?"

"ओवीच्या शाळेत जत्रा होती. माझ्या मावशीने ओवीचा फोटो पाठवला होता, त्यात कोलोनच्या शाळेचं नाव दिसलं. मी फाटकाबाहेरच होतो. नुसती हाक मारली."

"मग?"

"ती जर्मनमध्येच म्हणाली, जा इथून. घाबरली होती हो." त्याचं हसू मावळलं. "वल्लरीने तिला ओढत आत नेलं. मी काही केलं नाही, खरंच."

"उत्कर्ष, हे मला कोर्टाला कळवावं लागेल."

"तुम्ही लिहिलं नाहीत तर कोणाला कळणार? आपलं माणूस म्हणून सांगितलं मी."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

तो गेल्यावर क्षितिजाने अहवाल लिहायला घेतला. सात महिन्यांच्या हजेऱ्या तिने आवर्जून लिहिल्या. कोलोनची फेरीही लिहिली. वल्लरीने पोलिसांत तक्रार केलेलीच होती, हे तिला नंतर कळलं.

सुनावणीत न्यायाधीशांनी सवलत रद्द केली. बाहेर उत्कर्ष तिच्यापाशी थांबला. आवाज चढला नव्हता.

"कोर्समध्ये शिकवलं ना, खरं बोलायचं. आता कोणाला काही सांगणार नाही."

त्याला तसं बोलताना ऐकून तिला वाटलं, तुरुंगातून बाहेर येईल तो कोर्सआधीचाच उत्कर्ष असेल. कदाचित त्याहून वाईट.

दोन आठवड्यांनी ऑफिसात फोन आला. वल्लरी होती. क्षितिजाचं नाव ऐकून तीही मराठीत बोलू लागली.

"तो सुटणार कधी?"

"वर्षभर तरी आत असेल. नक्की तारीख मला सांगता येणार नाही."

"त्याला शाळा कळली आहे. ओवी तेव्हापासून शाळेत पाऊल टाकत नाही. घर बदलायचं म्हटलं तर घर मिळत नाही. परत शहर सोडायचं, परत तेच सगळं करायचं का आम्ही?"

क्षितिजाने तिला पीडितांसाठीच्या सल्ला केंद्राचा नंबर दिला.

"तिथे मी तीनदा जाऊन आले," वल्लरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.