दुसऱ्या सिस्टिमचा मालक

कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. कुठली सिस्टिम हवी, जुनी की नवी? सूनबाई न बघताच जुनी निवडायची. तिचं काम कपडे बेतायचं. बाह्या, कॉलर, खिसे, सगळे पॅटर्न ती त्यातच काढायची. नवी सिस्टिम नवऱ्याने बोटीवर नोकरीला जाण्याआधी कधीतरी टाकून ठेवलेली. कशासाठी, हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्या दिवशी एका कोटाचा पॅटर्न सेव्हच होईना, तेवढ्यापुरता तो पेनड्राइव्हवर ठेवावा लागला. डिस्क गच्च भरलेली, आणि अर्धीअधिक जागा नव्या सिस्टिमने अडवलेली.

"फुकटची भाडेकरू! आज हिचा गाशा गुंडाळतेच," ती पुटपुटली.

पण आत आहे तरी काय, हे बघायची हुक्की आली. तिने पहिल्यांदाच खालची ओळ निवडली. पासवर्डच्या चौकटीवर नाव उमटलं: अण्णा.

ती बघतच राहिली. अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, पण घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा "तूच दाब गं" म्हणून पुढे करणारा माणूस.

"अण्णा, जरा इकडे येता?"

अण्णा आले आणि चोरी पकडली गेल्यासारखे दारातच थबकले.

"हे तुमचं?"

"तू कामाला बाहेर जातेस ना, तेव्हा बसतो थोडा वेळ," ते खाली मान घालून म्हणाले. मग खुर्ची ओढून त्यांनी एका बोटाने पासवर्ड टाकला.

आत दोनशेच्या वर चित्रं होती. भिंतीवरची, खिशातली, मनोऱ्यावरची घड्याळं, सगळी उघडून दाखवलेली. दातेरी चाकं, स्प्रिंगच्या कमानी, स्क्रू, प्रत्येकाशेजारी बारीक टीप. अण्णांचा हात थरथरायला लागल्यापासून त्यांना पेन्सिल धरवत नव्हती. इथे मात्र रेघ आपोआप सरळ व्हायची. मुलाने मुद्दाम तसं जुळवून दिलं होतं.

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू शिकवायला बसली असतीस."

तिला हसू फुटलं, कारण ते खरंच होतं.

चित्रं तिने आधी पेनड्राइव्हवर घेतली. मग जुन्या सिस्टिममध्ये थोडी जागा करून तोच रेघा सरळ करणारा चित्रांचा प्रोग्रॅम टाकला आणि दोन-चार उघडून पाहिली; एक रेघही हलली नव्हती. आपले पॅटर्नही तिने वेगळ्या डिस्कवर उतरवले. आता नवीची जागा पुसायची, झालं! तिने बोट उचललं.

"थांब," अण्णा म्हणाले. "सुरुवातीला जुनी की नवी असं विचारतं, ते विचारतं कोण?"

"म्हणजे?"

"कोणीतरी विचारत असेलच ना? घड्याळ उघडताना मी आधी कमानीचा ताण सोडवतो. नाहीतर झटक्यात दाते मोडतात."

तिने उचललेलं बोट मागे घेतलं. बोटीवर फोन लावला. नवरा म्हणाला, "बरं झालं विचारलंत. प्रश्न विचारतो तो नव्या सिस्टिमचा भाग. ती आधी पुसली असती तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता. आधी सेटिंगमध्ये जाऊन जुनीला पहिला नंबर द्या. बंद करून परत चालू करा. प्रश्न न विचारता सुरू झाला, तरच पुढे जा. आणि डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा कप्पा दिसेल, त्याला हात लावू नका. तो दोन्ही सिस्टिमना लागतो."

त्यांनी तसंच केलं. कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा लागला. दोघं श्वास रोखून पाहत होती. काळा पडदा आला नाही. थेट जुनी सिस्टिम उघडली. मग तिने नवीचे कप्पे पुसले आणि मोकळी झालेली जागा शेजारच्या जुनीला जोडली. कोट निमूटपणे सेव्ह झाला.

खरं तर तिने लगेच कामाला लागायला हवं होतं. पण मघाशी पाहिलेलं अण्णांचं एक चित्र तिने पुन्हा उघडलं.

"अण्णा, बाण बघितले तर हे मोठं चाक एकीकडे आणि त्याला लागून असलेलं हे एवढंसं उलटं का फिरतं?"

अण्णांनी चष्मा पुसला. "तीच तर गंमत आहे," ते म्हणाले, आणि तिला बसायला जागा करून देत खुर्ची सरकवली.