रंध्याकडे वळवलेली नळी

मित्रांनो, पाणी नेणाऱ्या नळ्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. मी धूळ नेणारी नळी आहे. तारेच्या वेटोळ्यावर चढवलेले करडे प्लास्टिक, एवढेच माझे शरीर. आता ते जागोजागी ठिगळांनी भरले आहे आणि मानेजवळ एक मोठी जखम आहे. त्या जखमेची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या सुतारशाळेत मी काही वर्षे काम केले. ती बंद पडली तेव्हा धूळ ओढणारा पंखा, त्याची कापडी पिशवी आणि मी असे तिघे जुन्या मालाबरोबर कंटेनरमध्ये भरले गेलो. एका उष्ण देशातल्या तेमा बंदरात उतरलो आणि ट्रकने कुमासी शहरात आलो. तिथल्या सोकोबानच्या लाकूडबाजारात दांक्वा नावाच्या सुताराने आम्हाला विकत घेतले.

दांक्वाची थोरली बहीण बोआतेमा त्याच्याच शेडमध्ये काम करी. खुर्च्यांचे हात, पलंगाचे पाय, टेबलांच्या कडा घासून गुळगुळीत करणे हे तिचे काम. ज्या मशीनवर ती घासत असे त्याला सगळे सँडर म्हणत. धूळ उडे ती तिच्या तोंडावर. म्हणून तर मला आणले होते.

पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. माझे तोंड रुंद आणि सँडरचे धूळ टाकायचे भोक अरुंद. दांक्वाने चिंध्या गुंडाळून मला कसेबसे बसवले. मशीन सुरू होताच मी सुटून जमिनीवर आपटले.

"दांक्वा, एवढा अजगर आणलास खरा," शेजारच्या शेडमधला फुसेनी हसत म्हणाला, "पण हा गिळत कसा नाही रे काही?"

फुसेनी पत्र्याची कामे करी. हसून झाल्यावर त्यानेच पत्रा वळवून एक नरसाळे बनवले. एका बाजूने ते माझ्या तोंडात बसले, दुसऱ्या बाजूने सँडरच्या भोकात. हवा निसटू नये म्हणून बोआतेमाने सायकलची जुनी ट्यूब कापून सांध्यावर ताणून चढवली. मग पंखा सुरू झाला. लाकडातून उठणारी धूळ वर न उडता सरळ माझ्यात शिरू लागली.

संध्याकाळी बोआतेमाने आपले दोन्ही हात उजेडात धरले.

"फुसेनी, बघ तरी! काळेच्या काळे आहेत माझे हात. रोज धुळीने पिवळी होऊन जाते मी. आज घरी पोरं मला ओळखायचीच नाहीत."

"मग जरा धूळ फासून जा. नाहीतर दार उघडणार नाहीत!"

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. बोआतेमा आठवड्याच्या शेवटी मला काढून उन्हात झटकी, सांधे तपासी आणि पिशवी स्वतः रिकामी करी. बाहेरून कोणी आले की दांक्वा मला थोपटून म्हणे, "आमच्या शेडमध्ये असा भुसा उडत नाही." मला अभिमान वाटे.

मग दांक्वाने रंधा मशीन आणले. एका मोठ्या चर्चची सगळी बाकं करायचे काम त्याला मिळाले होते आणि लाकूड होते ओप्रोनो. दिसायला देखणे, पण त्याची बारीक धूळ नाकात गेली की मिरचीसारखी झोंबते. रंधा मशीन आसारे नावाचा कामगार चालवी. त्यातून ढलप्यांचा असा डोंगर पडे की चालायला वाट उरत नसे. पंखा तर एकच. फुसेनीने दोन तोंडांचा सांधा करून पाहिला, पण ओढ वाटली गेली आणि दोन्ही मशीन उपाशी राहिली.

एका सकाळी दांक्वाने मला सँडरवरून काढून रंध्याला लावले.

"ताई, थोडे दिवस. बाकं गेली की परत लावतो."

"आणि तोवर मी काय करू? श्वास घ्यायचा थांबवू?"

"तोंडाला फडकं बांध ना. बाबांनी जन्मभर तेच केलं."

"बाबा हाताने रंधायचे. आणि शेवटी शेवटी ते कसे खोकायचे, ते तू विसरला असशील. उशाशी मी बसत होते."

 दांक्वाने रंध्याचे बटण दाबले आणि त्या आवाजात पुढचे सगळे बोलणे बुडाले.

मी ढलप्या गिळू लागले. डोंगर नाहीसा झाला. येणारा-जाणारा म्हणे, "वा, शेड कशी स्वच्छ ठेवलीय!" पण मला पलीकडचा कोपरा दिसत असे. पत्र्याच्या फटीतून ऊन आले की बोआतेमाभोवती पिवळसर धुके तरंगताना दिसे. ते कोणाच्या पायात येत नव्हते, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तिच्या फडक्यावर रक्ताचे ठिपके पडू लागले. लाकडाची फळी उचलून अंगण ओलांडताना ती मध्येच थांबे आणि कोणी पाहते आहे का ते बघून मग छाती दाबून धरी.

एका दुपारी दांक्वा चर्चच्या लोकांना भेटायला गेला होता. बोआतेमा उठली, मला रंध्यावरून ओढून काढले आणि सँडरवर चढवू लागली.

"मावशी, मालक ओरडतील," आसारे म्हणाला.

"ओरडू दे. ओरडायला श्वास आहे त्याच्याकडे."

ट्यूब सांध्यावर चढते न चढते तोच दांक्वा परत आला. चर्चवाल्यांनी त्याला घाई केली असावी, चेहरा तापलेला होता. त्याने माझे एक टोक धरले. तिने दुसरे सोडले नाही.

"सोड, ताई! काम अडतंय."

"माझंही कामच आहे!"

दोघांनी ओढले आणि मी मानेजवळ फाटले. बोआतेमा मागे कोलमडून बाकावर बसली. तिने तोंड उघडले, पण शब्द आला नाही. छातीतून नुसती शिट्टी वाजत होती. ओठ राखेसारखे झाले.

"ताई? ए ताई, बोल ना!"

फुसेनी धावत आला. तिला लाकडे वाहायच्या तीनचाकी गाडीत निजवून दोघांनी दवाखान्यात नेले. मी भुशात पडून राहिले.

बोआतेमा वाचली. पण तिच्या फुफ्फुसांना त्या धुळीने कायमचा दमा लावला होता. डॉक्टरांनी सांगितले, आता लाकडाच्या धुळीजवळ उभेही राहायचे नाही. ज्या हातांनी अर्ध्या बाजारातल्या खुर्च्या गुळगुळीत केल्या होत्या, त्यांचे काम एका दुपारी संपले.

बाकं अर्धीच होती. दांक्वा स्वतः सँडरवर बसला. मी फाटलेली, त्यामुळे सगळी धूळ त्याच्या तोंडावर. थोड्याच वेळात त्याचे डोळे वाहू लागले. मग नाकातून रक्त आले. त्याने ते मनगटाने पुसले आणि मनगटाकडे बराच वेळ बघत राहिला. मशीन बंद करून तो फुसेनीकडे गेला.

"नळी शिवून दे. ती सँडरचीच राहील. आणि रंध्यासाठी दुसरा पंखा मिळेपर्यंत ढलप्या मी फावड्याने काढीन."

"हे आधी सुचलं असतं तर..." फुसेनी म्हणाला. त्याने मला मांडीवर घेतले आणि मानेला ठिगळ लावले.

बाकं उशिरा गेली. चर्चवाले नाराज झाले. दांक्वाने ते मुकाट ऐकून घेतले.

पुढचे मी आसारेच्या तोंडून ऐकले. बोआतेमा आता बाजारापासून दूर, मोठ्या रस्त्याला मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, म्हणजे केंके, आणि तळलेले मासे विकते. दांक्वा तिला भेटायला पहिल्यांदा गेला तो कामावरून तसाच. तो जवळ पोचताच तिला खोकल्याची उबळ आली. स्वतःचेच दुकान आणि गिऱ्हाईक सोडून तिला लांब जाऊन उभे राहावे लागले. त्याच्या कपड्यांत ओप्रोनोची धूळ होती. तो तिथूनच मागे फिरला.

आता तो रोज संध्याकाळी शेडमागच्या नळावर डोके, कान, नखे घासून धुतो. एक सदरा त्याने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवला आहे. तो घालून जातो आणि तरीही रस्त्याच्या अलीकडेच थांबतो.

"नीट धुतलंस?" ती पलीकडून विचारते.

"धुतलं."

"केसही?"

"केसही, ताई."

मग ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहते. कधी हाताने खूण करून बोलावते. कधी नुसतीच नकारार्थी मान हलवते. तसे झाले की तो उभ्यानेच चार शब्द बोलून परत येतो.

मित्रांनो, माझा तारेचा सांगाडा आता गंजत आला आहे. माझी फार काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पण तुम्ही कधी सुतारशाळेत गेलात, तर जमीन किती स्वच्छ आहे ते पाहू नका. जो माणूस घासायला बसला आहे त्याच्या मशीनला नळी लावलेली आहे का, ते पाहा. नसेल तर विचारा. मोठी माणसे रागावतील. रागावू द्या, पण विचारा.