मशीनला पाठवलेला डबा

अरे, मिठाबाईची गंमत ऐकलीत का? मिठाबाई म्हणजे आपली संशोधक हो. धडधाकट बायकांच्या पोटात रोज किती आयोडीन जातं, ते एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी किती वरखाली होतं, हेच मोजत बसते, म्हणून हे नाव. पद्धत अशी, की बाईनं जे खाल्लं ते तेवढंच, तसंच एका डब्यातही भरायचं. आणि दिवसभराची लघवी एका कॅनमध्ये. डबा मिक्सरमध्ये वाटून मशीनला लावतात. पोटात गेलेलं आयोडीन बहुतेक सगळं लघवीतून निघतं, म्हणजे डबा नि कॅन जुळायलाच हवेत!

सगळ्यांचे जुळले. एकीचे सोडून. आणि ती एक कोण, तर हिचीच सख्खी मावशी! डब्यात आयोडीन रग्गड, कॅनमध्ये नावापुरतं.

"मावशी कॅन अर्धाच भरत असणार," मिठाबाईच्या गाइड मॅडम म्हणाल्या. "काढून टाक तिला."

आधीच दोघीजणी मध्येच सोडून गेलेल्या. मावशीही गेली तर बायका कमी पडणार, म्हणजे सगळं काम पाण्यात! ती तडक मावशीकडे, न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी.

बघते तर काय! ओट्यावर डबा सजलाय: माशाचा मधला तुकडा, दोन उकडलेली अंडी, वर लिंबाची फोड. आणि मावशी? काका नि मुलगा जेवून उठलेत, ही कोपऱ्यात बसून माशाची शेपटी चघळतेय नि कालचा पाव चहात बुडवून खातेय.

"मावशे! हे काय?"

"काय म्हणजे? जेवतेय."

"आणि तो डबा?"

"तो तुमच्या ऑफिसात जाणार ना! त्यात शेपटी घालू? लोक काय म्हणतील, अमकीची मावशी आणि शेपट्या पाठवते?"

"अगं, लोक नाहीत, मिक्सर आहे!"

"मिक्सर चालवणारं कुणी असेलच की. त्याला डोळे नाहीत?"

मिठाबाईनं कपाळाला हात लावला. कॅन बिचारा खरं तेच बोलत होता! "मावशे, मला शेपटीच हवी. तू खातेस तीच. नाहीतर मॅडम तुला काढतील, आणि माझं काम बुडेल."

मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे मी काय खाते ते सगळ्यांना कळणार?"

"नावच लिहीत नाही गं आम्ही. फक्त आकडे."

"शपथ?"

"तुझी शपथ."

"माझी कशाला, स्वतःची घे. मला अजून जगायचंय."

पुढचे सगळे डबे मावशीनं नव्यानं भरले, दोन पिशव्यांत गुंडाळून, चोरीचा माल असल्यासारखे. एका दिवशी नुसता चहापाव, दुसऱ्या दिवशी मुलानं टाकलेलं अर्धं अंडं, तिसऱ्या दिवशी रस्सा. आकडे कसले उड्या मारतायत! पण डबा नि कॅन, दोन्ही एकाच तालात. मॅडमनी मान डोलावली आणि मावशी यादीत राहिली.

मिठाबाईनं लगेच फोन लावला. "मावशे, जुळलं! मॅडम खूश आहेत!"

"हो? मग चवीबद्दल काय म्हणाल्या?"