बारा एकवीसची सावली

कल्पना करा, तुमच्यासमोर छातीइतक्या उंचीचा, पत्र्याचा एक गोल साचा उभा आहे आणि त्यात घमेल्यामागून घमेलं ओलं काँक्रीट पडतं आहे. आत हवेची पोकळी राहू नये म्हणून मिस्त्रीकाका एक लांब सळई खालवर करून ते कोचत आहेत. साचा भरत चालला आहे. आता अशीही कल्पना करा, की या खांबाची एक गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि ती तुम्ही अजून कुणाला सांगितलेली नाही.

चिंगीचं नेमकं तसंच झालं होतं. ती मागच्या दाराच्या पायरीवर गुडघे पोटाशी धरून बसली होती आणि पडणारं प्रत्येक घमेलं मोजत होती.

"बाई, एवढ्या पायावर तीन मजले चढतील," मिस्त्रीकाका घाम पुसत म्हणाले. "आणि तुम्ही वर ठेवणार काय, तर एक नळकांडं!"

"तीन मजले जरासे हलले तर कुणाला पत्ता लागत नाही काका. माझं नळकांडं केसभर हललं तरी चंद्र नाचायला लागतो," चिंगीची आत्या म्हणाली.

आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. दुर्बिणीचा आरसा तिने दोन वर्षं स्वतःच्या हाताने घासून तयार केला होता. पण तिपाईवर ठेवलेली ती दुर्बीण भलतीच नाजूक मनाची निघाली. स्वयंपाकघरात कुणी चाललं तरी अंगणात गुरूचे उपग्रह थरथरायचे. म्हणून हा कायमचा खांब. पाया कमरेइतका खोल, आणि भोवतालच्या फरशीपासून खांब दोन बोटं सुटा, म्हणजे पावलांचे धक्के त्याच्यापर्यंत पोचणारच नाहीत. माथ्यावर चार बोल्ट, त्यांवर दुर्बिणीची बैठक. आकाश फिरतं तशी ती बैठक दुर्बिणीला फिरवणार, आणि त्यासाठी बोल्टांचं तोंड बरोबर उत्तरेला हवं. थोडंफार चुकलं तर बैठकीचे स्क्रू सांभाळून घेतात. पण फार चुकलं, तर सगळा खांब फोडूनच काढावा लागतो.

आणि उत्तरेची रेघ मारली होती चिंगीने.

काम सोपं होतं. ओळंब्याची, म्हणजे खाली वजन बांधलेली, दोरी टांगायची आणि सूर्य सगळ्यात उंच असतो त्या मिनिटाला तिची सावली फरशीवर आखून घ्यायची. ते मिनिट आत्याने हिशेब करून कागदावर लिहून दिलं होतं. बारा एकवीस. आत्या परवा शाळेत होती आणि चिंगी बारा एकवीसला शेजारच्या कुत्रीची पिल्लं मोजत होती. घरी आली तेव्हा पाऊण वाजला होता. मग तिने कंपासपेटीशेजारचं होकायंत्र आणलं, अंगणात फरशीवर ठेवलं, सुई बघितली आणि खडूने रेघ ओढली. संध्याकाळी आत्या रेघेजवळ उकिडवी बसली, "शाबास" म्हणाली आणि खिळ्याने ती रेघ फरशीत खोल कोरून टाकली. त्या शाबासनंतर बोलायचं कसं, हे चिंगीला काही सुचलं नाही. उत्तर ती उत्तरच, असं तिने स्वतःला समजावलं.

साचा काठोकाठ भरला. मिस्त्रीकाकांनी चार बोल्टांचा पत्रा अलगद काँक्रीटवर टेकवला, बोल्ट आत दाबले, पत्रा फिरवून रेघेला लावला आणि पातळी तपासली.

"बसला!"

"रेघ हिची आहे बरं का," आत्या अभिमानाने म्हणाली.

"असं? मग इंजिनिअर हीच म्हणायची, आम्ही आपले हमाल."

चिंगी उठून कुंपणाच्या कोपऱ्यात गेली. होकायंत्र खिशातच होतं. कशाला बाहेर काढलं ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक मनाची समजूत घालायला. तिने ते मातीवर ठेवलं. सुई डोलली आणि शेजारच्या जिन्याकडे तोंड करून थांबली.

फरशीतली रेघ फाटकाकडे जात होती.

तिने होकायंत्र उचलून पुन्हा ठेवलं. जिनाच. मग तिला परवाचं अंगण जसंच्या तसं आठवलं: फरशीवर होकायंत्र, आणि हातभर अंतरावर, तारेने बांधून उभा केलेला लोखंडी सळ्यांचा पिंजरा. त्याने सुई स्वतःकडे ओढली होती. आता तोच पिंजरा काँक्रीटच्या पोटात होता.

मिस्त्रीकाका नळाखाली थापी धूत होते. आत्या ओलं गोणपाट घेऊन खांब झाकायला निघाली होती.

"आत्या, ती रेघ सावलीची नाहीये."

गोणपाटातून पाणी ठिबकत राहिलं.

"मग कशाची आहे?"

"होकायंत्राची. सळ्यांजवळ ठेवलं होतं. मला... मला उशीर झाला होता."

आत्याने आधी रेघेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बारा वाजायला दहा मिनिटं होती. ती मिस्त्रीकाकांकडे वळली.

"काका, बोल्ट फिरवावे लागतील."

"आत्ता? किती?"

"ते अजून माहीत नाही."

मिस्त्रीकाकांनी थापी खाली ठेवली. काँक्रीटमध्ये बोट खुपसून बघितलं. "साडेबारापर्यंत फिरवून देतो. पुढे हात लावणार नाही. घट्ट होताना हलवले तर बोल्ट जन्मभर सैल राहतील. मग चंद्र काय, सूर्यसुद्धा नाचेल तुमचा."

आत्याने ओळंबा पुन्हा टांगला. खाली फरशीवर कोरा कागद चिकटवला. मग हातातलं घड्याळ काढून चिंगीच्या पुढे धरलं.

"परत तिलाच?" मिस्त्रीकाकांच्या तोंडून निघून गेलं.

आत्याने पेन्सिलही दिली आणि ती पत्रा धरायला खांबापाशी गेली.

चिंगीने एकाच मिनिटावर भरवसा ठेवला नाही. बारा दहापासूनच ती खुणा करायला लागली. दोरीची सावली कागदाच्या वरच्या कडेला जिथे पोचायची, तिथे ठिपका, आणि ठिपक्यापाशी बारीक आकडा. दहा. अकरा. बारा. सावली मुंगीच्या चालीने सरकत होती. पंधरा. सोळा. सतरा.

अठराला ढग आला.

कागदावरची सावली कुणी पुसून घ्यावी तशी गेली. चिंगीने मान वर केली नाही. घड्याळातला काटा मात्र कुणासाठी थांबत नव्हता. एकोणीस. वीस. एकवीस.

"झालं ना एकवीस?" मिस्त्रीकाकांचे दोन्ही हात पत्र्यावर होते. "बोल, कुठे घेऊ?"

सावली आत्ता साधारण कुठे असणार, ते चिंगीला दिसत होतं. ठिपके एका ओळीत पुढे चाललेच होते. त्यात आणखी एक टेकवायचा, झालं. कुणाला कळणार होतं? पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलंसुद्धा.

तिने ते उचललं.

"नाही दिसली."

"अगं, अंदाजे सांग की! मी काय दागिना घडवतोय का?"

"अंदाजे नको, काका."

"बाई, सांगा हो हिला काहीतरी. सिमेंट ऐकणार आहे का हिचं?"

"माझ्याकडे काय बघता?" आत्या म्हणाली. "तिलाच विचारा."

बारा तेवीस. चिंगी खुणांकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, बोटं दुमडत होती. एकवीसमधून सतरा गेले, चार. एकवीस आणि चार...

"पंचवीसला सांगते," ती एकदम म्हणाली. "सतराची खूण आहे माझ्याकडे. पंचवीसची मिळाली की दोन्हींच्या बरोबर मधे एकवीस."

"आणि ऊन नाहीच आलं तर?"

"तर सव्वीसला. सोळाची पण खूण आहे."

मिस्त्रीकाकांनी आत्याकडे पाहिलं. मग हात न काढता पायांचा पवित्रा बदलला आणि पत्रा नीट धरून उभे राहिले.

ढगाची कड पांढरी होत होती, पण फटीएवढंही ऊन अजून नव्हतं. चिंगीने डाव्या हाताचं बोट सतराच्या खुणेवर ठेवलं, उजव्या हाताने पेन्सिल कागदापासून अधांतरी धरली आणि वर आभाळाकडे न बघता ती कोऱ्या कडेवर नजर लावून बसली.