पहिले पाणी हलके

जेटीवरच्या पत्र्याच्या छपराखाली सकाळी साडेनऊ वाजता तीन-चारशे माणसे उभी होती, आणि त्यांतल्या निदान निम्म्यांना एव्हाना कळून चुकले होते की भिवाजी घाटोडे यांच्या गावी मे महिन्यात सेहेचाळीस डिग्री ऊन असते.

"इथं किती दाखवून राहिलं मोबाइलमधी?" त्यांनी मुलीला तिसऱ्यांदा विचारले.

"तेहतीस, बाबा."

"तेहतीस!" भिवाजींनी शेजारच्या रांगेकडे वळून तो आकडा हवेत भिरकावला. "आमच्याकडं तेहतीस म्हन्जे लोकं गोधडी काढतात."

शेजारच्या रांगेत नागपूरचा एक स्थूल गृहस्थ घामाने निथळत उभा होता. पंकज असे नाव त्याने मघाशीच सांगितले होते. तो हसला. "कुठचे म्हणाले काका तुम्ही?"

"बोरगाव. सौंसरजवळ. जिल्हा पांढुर्णा."

"पांढुर्णा तर छिंदवाडा जिल्ह्यात येते ना?"

"येत होतं. आता आमीच जिल्हा हाओत."

सुचिताने मान खाली घातली. फाटकावर ओळखपत्रे तपासणाऱ्या कारकुनाने आधार कार्डावरचे 'छिंदवाडा' वाचले तेव्हाही वडिलांनी मागची सारी रांग थोपवून त्याला दुरुस्त केले होते. वडिलांच्या या अभिमानाची तिला लाज वाटत नसे, भीती वाटे. तो अभिमान कधी खाली बसत नसे. सत्तरीला टेकलेल्या त्या देहात तो अजून ताठ उभा होता, आणि देहालाही बसू देत नव्हता.

तिघेजण अंदमानला आले होते ते सुचिताच्या हट्टामुळे. ती पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. चाळीस वर्षांत आई-वडिलांनी उन्हाळ्यात संत्र्यांची बाग सोडून एक रात्र बाहेर काढली नव्हती. पण मे महिन्यात, मृगाच्या बहारासाठी, बागेचे पाणी तोडलेले असते. झाडांना दीड-दोन महिने तहानलेले ठेवायचे, पाने मलूल होऊ द्यायची, आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचे, की झाड दचकून जागे व्हावे तसे फुलते. यालाच ताण देणे म्हणतात. ज्या महिन्यात झाडाला माणसाची गरज सर्वांत कमी, तोच महिना सुचिताने निवडला होता. "निघाल्यापासून तेराव्या दिवशी मी बागेत पाह्यजे," एवढी एकच अट आईने, जयवंताने, घातली होती.

आणि एकच इच्छा सांगितली होती. विहिरीवर वीज येण्याच्या वेळा धरून, आळ्याआळ्याने, बादलीबादलीने जिने जन्मभर पाणी वाटले, तिला एकदा अशा पाण्यात उभे राहायचे होते जे कुणाच्या वाट्यातून काढून घ्यावे लागत नाही. तीन दिवस ते जमले नव्हते. मोठ्या बेटावर समुद्र कठड्यापलीकडूनच दिसत राहिला. एका किनाऱ्यावर लाल झेंडा लावलेला, तर दुसऱ्यावर गर्दी इतकी की पाण्यापर्यंत वाटच नाही. सुट्ट्यांमुळे सारा देश जणू त्या दोन-चार वाळूच्या पट्ट्यांवर येऊन सांडला होता. आजची ही लहान बेटाची बोट शेवटची संधी होती. उद्याची तिकिटे केव्हाच संपली होती आणि परवा परतीचे विमान होते. निघताना भाऊ वैभव म्हणाला होता, "बाबाले काई झालं ना, त तसंच परत घेऊन येजो. समुद्र काई पळून नाई चालला." आणि सुचिताने तसा शब्द दिला होता.

म्हणून ती सकाळपासून समुद्राकडे पाहत नव्हती. वडिलांकडे पाहत होती.

भिवाजींनी डोक्याला सुती दुपट्टा गुंडाळला होता, नळाखाली भिजवून, घरी गुंडाळत तसाच. बोरगावच्या झळांत असा दुपट्टा पाव तासात कडक वाळतो, आणि वाळता वाळता कपाळ थंड करून जातो. खिशात कांदाही होता. उन्हाशी लढायची सारी हत्यारे घेऊन ते आले होते. फक्त शत्रू वेगळा होता. आठ वाजता भिजवलेला दुपट्टा साडेदहालाही तसाच ओला होता, आणि आता कोमट झाला होता.

"बाबा, इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली आहे. दुपट्ट्यातलं पाणी ती घेणार कुठे?"

"हवा भरून हाये म्हन्जे? गव्हाचा बोरा हाये का ते?"

"पाणी तरी प्या."

"संडासाची लाइन पाह्यली का? चाळीस मानसं हायेत." त्यांनी बाटली बाजूला सारली. "झाड दोन महिने राह्यते पाण्याबिगर. मले चार घंटे नाई पेलं त का होते?"

पंकज खदखदून हसला. "काका, तुम्ही झाड नाही हो!"

"मी झाडापेक्षा जुना हाओ."

पदराने मान पुसत जयवंता नवऱ्याकडे एकवार पाहून पुन्हा पुढच्या गर्दीकडे पाहू लागली.

अकराच्या सुमारास भोंग्यातून आवाज आला, बोट एक तास उशिरा येईल. गर्दीतून एक लांब, थकलेला सुस्कारा उठला. रांगा एकमेकींत वितळल्या. कडेवर तान्हे मूल असलेली एक बाई छपराबाहेर ढकलली गेली. भिवाजी पुढे झाले, आपली सावलीतली जागा त्यांनी तिला दिली आणि स्वतः उन्हात जाऊन उभे राहिले. "बेटी, तुम बैठो. हमको आदत है." ते इतक्या सहज म्हणाले की सुचिताच्या मनात क्षणभर भीतीची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. असा बाप आपला आहे, हे त्या अनोळखी गर्दीला सांगावेसे वाटले.

नंतर तिच्या ध्यानात आले की बराच वेळ सेहेचाळीस हा आकडा कानावर पडलेला नाही.

"काका, ऊन लागून राहिलं का?" पंकज विचारत होता. भिवाजींनी छपराच्या लोखंडी खांबाला हात टेकला, खांब तापलेला होता तरी हात काढला नाही, आणि मग हळूच, एखादे पोते भिंतीवरून घसरावे तसे, खाली बसले.

क्षणात वर्तुळ जमले. मदत करणाऱ्यांची गर्दी बघ्यांच्या गर्दीहून दाट असते. कुणी म्हणाले डोक्यावर पाणी ओता, कुणी म्हणाले शहाळे आणा, कुणी पायाचे तळवे चोळा म्हणाले. जेटीवरचा एक कर्मचारी वाट काढत आला. "मैडम, इन्हें वापस होटल ले जाइए. गाड़ी बुला दूँ?"

"कुठं नाई जात मी," भिवाजी पुटपुटले. पण त्या आवाजात पाठीचा कणा नव्हता.

सुचिताचा हात फोनकडे गेला. दिलेला शब्द आठवला; आईचा चेहरा पाहायचे धाडस झाले नाही. तेवढ्यात कुणीतरी बर्फगार पाण्याची भरलेली बाटली पुढे केली आणि भिवाजींनी ती दोन्ही हातांनी, तहानलेल्या जनावरासारखी, ओढून घेतली.

बाटली ओठांना लागण्याआधी तिच्यावर एक हात आला. काळा, काटेरी फांद्यांचे जुने ओरखडे असलेला.

"थांबा," जयवंता म्हणाली. "अजी, ताण तोडून राहिलो आपुन. पह्यलं पानी हलकं."

आणि तिने मान वर केली. बागेच्या या टोकावरून त्या टोकावरच्या माणसाला हाक मारायचा जो आवाज ती घरात कधी वापरत नसे, तो जेटीवर घुमला. "सरका! हवा येऊ द्या! हटो, सब पीछे हटो!"

वर्तुळ मागे हटले. नागपूरचा पंकज सर्वांत आधी हटला आणि हात पसरून बाकीच्यांना थोपवू लागला. कडेवरच्या मुलाच्या आईने न सांगता सावलीची जागा रिकामी केली. भिवाजींना तिथे टेकवून जयवंताने डोक्याचा ओला दुपट्टा उतरवला. "हा इथं वाळून नाई राह्यला. उलटा उकडून राह्यला." सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, पुठ्ठ्याचा तुकडा पंकजच्या हाती दिला. "भाऊ, हालवा. जोरानं." मग सुचिताकडे वळून, "तुह्या पिशवीतली ते मीठ-साखरेची पुडी कालव बाटलीत."

बाटलीच्या झाकणाने तिने पाणी पाजले. एक झाकण. मग थांबणे. मग दुसरे. भिवाजी हात पुढे करत, ती तो खाली दाबी. दहा झाकणे होईतो दहा मिनिटे गेली.

बाष्पीभवनाचा नियम सुचिताला ठाऊक होता. तो ती दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. पण आईला माणूस दिसत होता. ताण तुटल्यावर बागेला एकदम भरपूर पाणी देत नाहीत, झाड बावचळते, आधी हलके पाणी, ती आंबवणी, चार-पाच दिवसांनी थोडे अधिक, ती चिंबवणी, मग पोटभर. हे बोरगावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण तो पहिला दिवस कोणता, हे मात्र फार थोड्यांना कळते. दिवस चुकला की बहार फसतो. दर वर्षी भिवाजी चौकात सांगत, "उद्या पानी सोडाचं," आणि आजूबाजूचे लोक त्या शब्दावर आपापल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू करत.

आता त्या तापलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या सुचिताला एकाएकी आठवले की त्या सांगण्याच्या आदल्या संध्याकाळी आई बागेतून येत असे, हातपाय धुऊन ताट वाढत असे, आणि ताटाशेजारी संत्र्याचे एक पान ठेवत असे. बाबा ते पान उचलून पाहत, दुमडत, ठेवून देत. लहानपणी तिला वाटे, ते पान म्हणजे काहीतरी नैवेद्यासारखे असेल.

प्रथमोपचाराच्या खोलीतून परिचारिका आली. तिने नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. "अब ठीक है। बस धूप में खड़े मत रहना, थोड़ा-थोड़ा पीते रहना।" जयवंताने मान हलवली, आणि अर्धा पेला दिला. थोड्या वेळाने उरलेला अर्धा. मग नवऱ्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती किती वेळात परत बसते ते पाहिले, खालची पापणी ओढून पाहिली.

बोटीचा भोंगा वाजला. फाटक उघडले आणि गर्दी एका अंगाने कलली. कर्मचारी पुन्हा आला. "क्या करना है, मैडम? वापस?"

"बाबा," सुचिता म्हणाली, "परत जाऊ या का? खरं सांगा."

भिवाजींनी सवयीने छाती भरून घेतली. 'मले काय धाड भरली' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेले तिला दिसले. त्यांनी सभोवार पाहिले, सकाळपासून ज्यांना आपले ऊन ऐकवले ते सारे चेहरे तिथेच होते. मग त्यांनी छाती सोडली.

"मले नोको इचारू. तुह्या मायले इचार."

आणि पंकजकडे वळून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, आमच्या गावचे लोकं चाळीस वर्सं मले इचारत आले, भिवाजी, ताण कवा तोडाचा? मी सांगत आलो. एकदा बी चुकलो नाई. पन पान पाह्यनारी हे हाये. मी नुसता भोंगा."

पंकजने हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि जयवंताला नमस्कार केला.

जयवंता संकोचली, पदर सावरला. चारशे माणसांच्या त्या रेट्यात तिच्यासाठी एक लहानशी, स्वच्छ जागा झाली होती. तिने नवऱ्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे फिरवला, हे ती चारचौघांत पहिल्यांदाच करत होती, आणि नीट निरखून निकाल दिला.

"पान हिरवं हाये. चाला."

बोटीत आतल्या बाजूला सावली मिळाली. भिवाजी सांगितल्या वेळी सांगितले तेवढेच घोट घेत होते, आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाला बायकोची ओळख करून देत होते. "ये हमारे घर की बड़ी इंजीनियर।" जयवंता म्हणे, "गप्प ऱ्हा ना बाप्पा," पण खिडकीकडे तोंड वळवून.

लहान बेटावरही गर्दी होतीच. छत्र्या, शहाळ्यांचे ढीग, फोटोसाठी ओरडणारी माणसे. पण पाण्यापर्यंत वाट होती. जयवंताने लुगडे पोटऱ्यांपर्यंत खोचले आणि कुणाकडे न पाहता आत गेली. गुडघाभर पाण्यात थांबली. एक लाट येऊन तिला मागे ढकलून गेली, तशी ती पुढे सरकली. वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली, आणि किनाऱ्याकडे वळून मोठ्याने हसली.

"खारं हाये! एका झाडाच्या बी कामाचं नाई!"

आणि आणखी आत गेली.

सुचिता काठावर तिघांच्या चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी होती. केवड्याच्या झाडाखाली बसवलेले भिवाजी उठले नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी हात लांब केला.

"आन इकडं ते सामान. मी पाह्यतो. तू जा, तिले एकटी नोको ठेवू."

पिशव्या त्यांनी पायांशी नीट मांडल्या, बाटली मांडीवर ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जरा बाजूने जायला सांगत ते पाण्याकडे मान उंचावून बसले. सुचिताने सलवार वर दुमडली. भिजलेल्या वाळूवरून ती धावतच निघाली, कारण आई थांबत नव्हती.