बारा तासांचा पंप

सकाळी साडेसातला बाइंडरच्या घरात नेहमीसारखं काम सुरू झालं. छापखान्यातून आलेले छापील कागदांचे फर्मे पुढच्या खोलीत छातीइतके रचलेले होते आणि बाइंडरची बायको जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालत होती. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी, वरून घडी दाबायला हाडाच्या पट्टीचा एक हात. शाळेची भूगोलाची पुस्तकं होती, महिनाअखेर द्यायची होती. बाइंडर कटिंग मशीनवर होता आणि धाकटी मुलगी आतल्या खोलीत शिलाईला बसली होती, कारण कागदाचा भुगा उडतो तिथे तिने बसू नये असं आता घरात ठरलं होतं.

आता ठरलं होतं. पाच महिन्यांपूर्वी असं काही ठरलेलं नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी थोरली गेली.

थोरली गेल्यावर चौथ्या दिवशी आई अशीच येऊन घड्या घालायला बसली होती. शेजारणी म्हणाल्या, बाई दगडाची आहे. दगडाची नव्हती ती. तिला काही जाणवतच नव्हतं, एवढंच. चहात साखर विसरली तरी ती तो पिऊन टाकायची. पट्टीची कड बोटात रुतली तर रक्त कागदाला लागू नये म्हणून फक्त हात बाजूला धरायची. रडायला यावं असं तिला वाटायचं, आणि यायचं नाही.

आज संध्याकाळी सहा वाजता धाकटीसाठी स्थळ येणार होतं. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. स्थळ मावशीने आणलं होतं. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, आणि जमवलेलं मोडू न देण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

दोन्ही बहिणींना लहानपणापासून दमा. पण त्या घरात हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. विचारलंच कोणी, तर ‘पोरींना जरा धूळ सोसत नाही’ असं सांगायचं. मुलीला दमा आहे हे एकदा चार लोकांत झालं की सोयरीक जुळत नाही, हे आईला तिच्या आईने सांगितलं होतं. म्हणून थोरली चौदा वर्षांची झाली तेव्हा आईने एक रीत घालून दिली. दम्याच्या औषधाचा, तोंडाने ओढायचा पंप न्हाणीघरात जाऊन घ्यायचा, आणि घेताना नळ सोडायचा, म्हणजे त्याचा फुस्स आवाज बाहेर जाणार नाही. खोकला आला तरी नळाखाली झाकला जातो. धाकटी मोठी झाली तशी तीही नळ सोडायला शिकली. पाहुण्यांना वाटे, काय स्वच्छतेच्या पोरी आहेत.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मावशी नेहमी म्हणायची. मुठीत जीव कोंडला असेल तर काय करायचं, हे काही ती म्हण सांगत नाही.

थोरलीचं लग्न ठरलं ते अशाच झाकल्या मुठीने. ती सासरी निघाली तेव्हा तिची बॅग आईने भरली. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते आणि आईला दोन म्हणजे दुप्पट धोका वाटला. दोन लपवायचे, दोनदा नळ सोडायचा, एखादा कोणाच्या तरी हाती लागायचा. तिने दोन्ही हातांत घेऊन विचार केला. एकाचा गुण चार तास टिकतो असं डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्याचा बारा तास. चार तासांची वस्तू घ्यावी की बारा तासांची, हे कुठल्याही संसारी बाईला विचारा. आईने बारा तासांचा पंप कपड्यांच्या घडीत खाली ठेवला. दुसरा नवाकोरा, खोक्यातून न काढलेला, तिने आपल्या ट्रंकेत तळाशी टाकला. वर मुलीला सांगितलं, ‘रोजच्या रोज घेत बसू नकोस, लक्षात येईल. अगदी लागलाच तर घे.’

डॉक्टरांनी सांगितलेलं नेमकं उलटं झालं होतं. पण मुलीने आईचं ऐकलं. चांगल्या मुली ऐकतात.

सासरी ती वर्षभर नांदली. एका दुपारी घरातल्या गाद्या झाडायला काढल्या. धुळीने तिला दम लागला. बाहेर पाहुणे बसले होते. ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला आणि पंप घेतला. उतार पडला नाही, म्हणून पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. बाहेरच्यांना वाटलं, सूनबाई अंघोळ करते आहे. पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं तेव्हा दार तोडलं. पंप तिच्या मुठीत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो पंप हातात घेऊन आईबापांना समजावलं. हा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. छातीतली सूज हळूहळू आटोक्यात राहते ती यानेच. पण अचानक दम कोंडला तर हा कामाला येत नाही, याचा गुण यायला वेळ लागतो. आणि उतार पडेना म्हणून एकावर एक घेत राहायचा तर मुळीच नाही. अडचणीच्या वेळेसाठी तो दुसरा दिला होता. ‘तो कुठे आहे?’ त्यांनी विचारलं.

बाइंडर म्हणाला, असेल तिच्या सामानात. पुढे त्याने मनाशी ठरवून टाकलं की तो सासरच्यांनी हरवला. येईल त्याला तो तेच सांगत असे. आई ऐकत असे आणि घड्या घालत असे. ट्रंक तिने उघडली नाही.

धाकटी मात्र बहीण गेल्यावर स्वतः दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरने तिच्याकडून समोर करून घेतलं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताना सावकाश आत ओढायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा आणि शेवटी चूळ भरायची. बरं वाटतं म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नाही. त्याची सवय लागते, पंप लागला की सुटत नाही, हे सगळं लोकांचं बोलणं. धाकटीने घरी येऊन रोजच्या पंपाला शिलाईचा लाल दोरा बांधला. बिनदोऱ्याचा तो अडचणीचा. सकाळी सात, संध्याकाळी सात. पण नळ सोडायची सवय काही सुटली नव्हती.

दुपारी मावशी आली. तिने घर आवरून घेतलं, फर्म्यांवर चादर टाकली आणि धाकटीला जवळ बसवलं.

“आजच्या दिवस संध्याकाळचा राहू दे,” ती म्हणाली. “एक दिवस नाही घेतला तर काय आभाळ कोसळत नाही. लग्न झाल्यावर बघू पुढचं पुढे.”

“मावशी, ताईलाही असंच सांगितलं होतं.”

“तिचं नशीब खोटं निघालं गं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा का आता?”

धाकटीने आईकडे पाहिलं. आई कपबश्या पुसत होती. तिने एक कप पुसून ठेवला, दुसरा घेतला. थोडा वेळ वाट पाहून धाकटी कपडे बदलायला उठली.

पाहुणे सव्वासहाला आले. घड्याळवाला आणि उशीर, अशी बाइंडरने थट्टा केली. त्यावर मुलगा म्हणाला, लोकांची घड्याळं लावण्यात आमचं राहून जातं. सगळे हसले. मुलगा बरा वाटला. त्याची आई डोळ्यांनी घर मोजणारी, पण बोलायला गोड होती. चहा झाला, बिस्किटं झाली. मावशीने धाकटीच्या शिलाईचं कौतुक केलं, तिच्या तब्येतीचंही केलं. आजवर साधं डोकं दुखलेलं नाही म्हणाली. आईच्या हातात ट्रे होता. तो ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

सात वाजले. धाकटीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, ‘आलेच’ म्हणून उठली आणि आत गेली. न्हाणीघराची कडी लागली. मग नळ सुटला.

तो आवाज आईने अकरा वर्षं ऐकला होता. आज तो ऐकताना तिला पहिल्यांदा दिसलं, की त्या दुपारी दुसऱ्या घरातले लोक असेच बसले असतील. हातात कप असतील. कोणी तरी हसलंही असेल. नळ वाहतोय म्हणून कोणाला काही ऐकू आलं नसेल. आणि तो नळ सोडायला मी शिकवलं.

तिने ट्रे खाली ठेवला आणि उठली. मावशीने तिचा हात धरला, तो तिने सोडवला. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन तिने दोनदा थाप मारली.

“दार उघड. मी आहे.”

धाकटीने दार उघडलं. दोऱ्याचा पंप तिच्या हातात होता, चेहरा धरल्या चोरासारखा झाला होता. आईने पुढे होऊन नळ बंद केला. दार सताड उघडं ठेवलं.

“आता घे,” ती म्हणाली.

फुस्स आवाज पुढच्या खोलीपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. मग मुलीने चूळ भरली.

मावशी घाईघाईने काही सांगू लागली, पित्ताचं औषध आहे वगैरे. आई तिच्या बाजूने पुढे गेली, ट्रंक उघडली, तळातून ते खोकं काढलं आणि पाहुण्यांसमोर बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलं.

“माझ्या दोन्ही मुलींना दमा,” ती म्हणाली. “हिला रोज औषध लागतं. ते घेतलं की ही तुमच्याआमच्यासारखी राहते. थोरलीचा हा दुसरा पंप सासरच्यांनी हरवला नव्हता. मी काढून ठेवला होता. कोणाला कळू नये म्हणून.”

बाइंडरने खोक्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तो हात टेकवत खाली बसला.

मुलाने खोकं उचलून त्यावरची तारीख वाचली आणि हलकेच परत ठेवलं. त्याची आई पदर सावरत उठली. आम्हाला जरा विचार करावा लागेल, ती म्हणाली. “करा,” आई म्हणाली. “पण ही जिथे जाईल तिथे दोन पंप घेऊन जाईल. आणि नळ सोडणार नाही.”

पाहुणे गेले. आठवडा झाला, निरोप आलेला नाही. कदाचित यायचाही नाही. मावशीने बोलणं टाकलं आहे. बाइंडर दुसऱ्याच दिवशी थोरलीच्या सासरी गेला आणि त्यांच्या दारात उभं राहून, चूक तुमची नव्हती, एवढं सांगून आला. आई अजूनही फर्म्यांच्या घड्या घालते. परवा तिचं बोट पट्टीखाली आलं तेव्हा ती ‘आई गं’ म्हणाली, आणि मग बराच वेळ रडत बसली. धाकटीने तिला रडू दिलं.

ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे आणि न्हाणीघरात पाणी उगाच वाहतं आहे, त्यांनी आज एकदा उठावं आणि ते दार वाजवावं.